रंग चढते

हिंगणघाट, रविवार दुपार

प्रिय सपना,

आपण जिंकलो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. केसचं नाव काढलं की ‘बरं बरं’ करतेस आणि विषय पोरांच्या परीक्षांवर नेतेस. पत्राला तसं करता येत नाही. कोपऱ्यात ठेवलंस तरी चहा पिता पिता उघडशीलच, मला तुझा स्वभाव माहीत आहे.

निवाडा मागच्या सोमवारी संध्याकाळी सिंगापूरहून मेलवर आला. मी तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, एका वाटणीच्या दाव्याच्या नकला काढत. मोबाइलवरच उघडला आणि सरळ शेवटच्या पानावर गेले. माल गिरडहून निघाला तेव्हा शुद्ध होता. शिशाचा पिवळा रंग नंतर, खरेदीदाराच्या ताब्यात असताना मिसळला गेला. खरेदीदाराने आपलं पत्रक मागे घ्यावं आणि ज्या ज्या व्यापाऱ्याला ते पाठवलं, त्या प्रत्येकाला तसं लेखी कळवावं. मी तिथेच मोठ्यानं हसायला लागले. दुकानवाला म्हणाला, मॅडम, दावा निकाली निघाला का? मी म्हटलं, हो, पण हा नाही.

तुला सुरुवात ठाऊक आहे, तरी सांगते, कारण तू ती एका फोनमध्ये ऐकलीस आणि नंतरचं काही ऐकूनच घेतलं नाहीस. गिरडच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून हळदीची कंपनी काढली. अध्यक्ष मंदाबाई. हळद शिजवण्यापासून पॉलिशच्या ड्रमपर्यंत सगळा कारखाना त्याच पाहतात. पहिलाच मोठा माल रॉटरडॅमच्या एका खरेदीदाराला गेला, अख्खी हळकुंडं, पूड नव्हे. पूड त्यांनी तिकडे केली, ती तपासणीत फसली, आणि त्यांनी जगभर पत्रक काढलं की गिरडच्या या कंपनीच्या हळदीत रंगाची भेसळ आहे. भाव पडले, माल पडून राहिला, हे झालंच. पण मंदाबाई माझ्याकडे आल्या त्या त्यासाठी नव्हत्या. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. हळद लावायच्या आदल्या दिवशी नवरदेवाकडून निरोप आला की तुमच्या घरची हळद नको, आम्ही नागपूरहून पुडा आणतो. हळद पिकवणाऱ्याच्या मांडवात विकतचा पुडा. मंदाबाई माझ्या ऑफिसात खुर्चीत न बसता उभ्यानंच बोलल्या, “वकीलबाई, मले त्या गोऱ्याइच्या तोंडून ऐका लागते का आमची हळद साफ होती. दुसरं काही नाई.”

करारात लिहिलं होतं की वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, सिंगापूरला लवाद नेमायचे, कामकाज इंग्रजीत. मी पंधरा वर्षं शेतांचे धुरे-बांध आणि वाटण्या लढवणारी बाई. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून निवडलेले न्यायाधीश, एवढं कॉलेजात शेजारी बसून तू मला शिकवलंस तेवढंच. म्हणून तुला फोन केला. दुसऱ्या दिवशी तू मला चार पानं पाठवलीस: दावा कसा मांडायचा, तिसरा लवाद कसा मागायचा, सीलबंद नमुने कुणाच्या हाती द्यायचे. खाली एक ओळ, माझं नाव कुठंच घालू नकोस. मी घातलं नाही. पण त्या चार पानांवर आमचा सगळा दावा उभा राहिला. पहिल्या ओळीतलं ‘आपण’ त्यासाठी आहे.

सुनावणी व्हिडिओवर झाली. आमचे साक्षीदार हिंगणघाटच्या माझ्या ऑफिसातून. नियम असा की साक्षीदाराच्या खोलीत लवादांनी नेमलेल्या देखरेखीच्या माणसाशिवाय कुणी नको, आणि आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची. मंदाबाईंनी लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, मग पलंगाखालचं दाखवावं तसं टेबलाखालचंही दाखवलं. तीन लवाद. मधल्या अध्यक्ष कोलंबोच्या, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. समोर लंडनचे वकील ऍशवर्थ. आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत, आणि एकही प्रश्न वाया घालवत नाहीत. दुभाषी मुंबईचे एक सभ्य गृहस्थ, मराठीचे प्राध्यापक होते म्हणे. मी शेजारच्या खोलीत माझ्या लॅपटॉपसमोर.

सकाळ चांगली गेली. दुपारी ऍशवर्थनी ड्रमचा विषय काढला. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घातल्यावर काय होतं, असं विचारलं. मंदाबाई सहज बोलून गेल्या, “डरममधी फिरली का हळदीले रंग चढते.” आणि दुभाषी इंग्रजीत म्हणाले, ड्रममध्ये फिरवताना मी हळदीला रंग चढवते.

सपना, मी तो शब्द वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ऍशवर्थ पुढे झुकले. मग अगदी हळू विचारलं, म्हणजे रंग तुम्ही चढवता? दुभाष्यांनी तो प्रश्न मराठीत केला तोही असा की रंग चढतो का एवढंच मंदाबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, “हो. नाई चढला त थे हळद कायची?” आणि इंग्रजीत गेलं की हो, चढवावाच लागतो, त्याशिवाय ती हळदच नव्हे. ऍशवर्थ म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही. माल निघताना आम्ही ठेवलेले सीलबंद नमुने शुद्ध निघाले होते खरे, पण ते निवडून ठेवलेत असं त्यांचं म्हणणं होतंच. आता कंपनीच्या अध्यक्षच कबूल झाल्या म्हटल्यावर त्या नमुन्यांना कोण विचारतं? शेजारच्या खोलीतून मंदाबाईंचा पाणी पिण्याचा आवाज मला भिंतीतून आला. त्यांना काही कळलंच नव्हतं. साक्ष छान झाली असं वाटून त्या निवांत बसल्या होत्या.

मी हरकत घेतली. अध्यक्षबाई थंडपणे म्हणाल्या की वकिलाला साक्ष देता येत नाही, दुभाषी तुम्हाला मान्य होते. खरंच होतं ते. मी म्हणाले असते की मला वऱ्हाडी येते, हा अर्थ चूक आहे, तर तो हरणाऱ्या वकिलाचा कांगावा झाला असता. आणि त्या वेळी मला तू आठवलीस.

वर्धा स्टेशनच्या सिमेंटच्या बाकावर तू मला एकदाच सांगितलं होतंस, गाडी यायच्या आधी, दुसरीकडे बघत. मुंबईच्या त्या मोठ्या फर्ममध्ये तू फोनवर एका अशिलाला म्हणालीस, साहेब पाच मिनिटात येते. पलीकडच्या टेबलावरची पोरं हसली. मग रोज, लिफ्टमध्ये, जेवताना, मीटिंगला जाताना, येते का येतो, सपना? साहेब बाई झाले का? आधी तू मराठी बोलणं बंद केलंस, मग सुनावणीत इंग्रजीही. तुझे मसुदे दुसरे उभं राहून वाचत आणि वाहवा घेत. अख्ख्या नागपूर युनिव्हर्सिटीत वक्तृत्वात तुला तोड नव्हती, तू सात वर्षं त्या फर्ममध्ये काढलीस, आणि शेवटची तीन तोंड मिटून. बाबांच्या आजारपणासाठी परत आलीस. बाबा बरे होऊन शेतात जायला लागले त्यालाही जमाना झाला. तू वर्ध्याच्या कॉलेजात करारांचा कायदा शिकवत राहिलीस. परत का जात नाहीस, हे मी कधी विचारलं नाही.

तर त्या क्षणी माझ्या कानात तुझं ते ‘साहेब येते’ वाजलं आणि लख्खकन कळलं की दुभाष्याचं काय झालं. आपल्याकडे साहेब येते, पाऊस येते, रंग चढते. त्यांच्या मराठीत रंग चढतो. ‘चढते’ ऐकल्यावर त्यांना वाटलं, बोलणारी बाई आहे, स्वतःबद्दल बोलतेय, मधला ‘व’ घाईत गिळला. माणूस खोटा नव्हता. आपल्याकडे रंग पुल्लिंगी असूनही ‘चढते’ म्हणतात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मी अध्यक्षांना म्हणाले, मी साक्ष देत नाही, फक्त सकाळचं रेकॉर्डिंग लावा. सकाळी माल कसा निघतो हे सांगताना मंदाबाई म्हणाल्या होत्या, “टरक सकाळीच येते.” दुभाष्यांनी तेव्हा बरोबर सांगितलं होतं, ट्रक सकाळी येतो. मी विचारलं, ट्रकचं लिंग काय? ते म्हणाले, पुल्लिंगी. मग साक्षीदार ‘येते’ का म्हणाली? त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. मग दुपारचं वाक्य लावलं, दोनदा. आणि मग त्या भल्या माणसानं चष्मा काढून सरळ सांगितलं की माझी चूक झाली, ही बाई म्हणाली की रंग आपोआप चढतो, ती चढवते असं म्हणाली नाही. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला. एवढ्या लोकांसमोर असं म्हणायला छाती लागते.

अध्यक्षबाईंनी मग स्वतः प्रश्न केला, अगदी साधा. ड्रममध्ये तुम्ही काय काय टाकता? मंदाबाईंना प्रश्नच चमत्कारिक वाटला. “हळकुंडं,” त्या म्हणाल्या, “अजून काय टाकन? हळकुंडावर हळकुंड घासते, वरचं साल निंगते, आतला रंग दिसते. तुमी येजा एकदा, दाखवतो.” लवादांपैकी एकजण हसले. ऍशवर्थही हसले, हे मी पाहिलं.

आणि आता निवाड्यात, त्या सगळ्या इंग्रजी पानांच्या मध्यावर, एका परिच्छेदात देवनागरीत छापलंय, ‘रंग चढते’. खाली लिहिलंय की साक्षीदाराने आपल्या बोलीप्रमाणे अचूक शब्द वापरला. अचूक, सपना. सिंगापूरच्या निवाड्यात.

काल गिरडला गेले. मंदाबाईंनी गाव गोळा केलं होतं. कारखान्यासमोर ट्रॅक्टरवर भोंगा बांधला होता आणि निवाड्याचा शेवटचा परिच्छेद मला मराठीतून तीनदा वाचायला लावला. टेकडीवर दर्ग्यात साखर वाटली, खाली मारुतीच्या देवळात नारळ फुटले. मग बायकांनी मला धरलं आणि ड्रममधून निघालेल्या ताज्या हळकुंडांची पूड करून माझ्या तोंडाला, हाताला, काळ्या कोटाला फासली. पुतणीची सासू आपल्या पायांनी आली होती. ती मंदाबाईंना म्हणाली, नातवाच्या बारशाले तुमच्याच घरची हळद पायजे. मंदाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरून मान हलवली. खरेदीदाराचं पत्रक मागे घेतल्याचं पत्र अजून यायचं आहे, पण मला वाटतं मंदाबाईंचा निकाल तेव्हाच लागला. धुण्यात कोटाचा पिवळा रंग गेलेला नाही. उद्या कोर्टात तसाच घालून जाणार आहे.

आता मुद्द्याचं. निवाडा आल्यावर ऍशवर्थनी मला अभिनंदनाचा फोन केला. बोलता बोलता म्हणाले की यवतमाळकडचा एक कापसाचा जिनिंगवाला आणि तुर्कस्तानचा यंत्र बनवणारा यांचा छोटा वाद उभा राहिला आहे. ते यंत्रवाल्याकडून आहेत. एकच लवाद नेमायचा आहे, साक्षीदार सगळे कामगार, वऱ्हाडीच बोलणार. ज्या भाषेत साक्ष होणार, ती ऐकणारा माणूस आता वर बसलेला असावा, असं त्यांनी स्वतः सुचवलं. खरेदी-विक्रीचा आंतरराष्ट्रीय कायदा जाणणारं कुणी तुमच्या भागात आहे का, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव दिलं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. दुसऱ्या बाजूनेही तुझी माहिती मागवून मान्यता दिली आहे. या आठवड्यात लवाद नेमणाऱ्या संस्थेकडून तुला मेल येईल, लवाद म्हणून नेमणूक स्वीकारता का असं विचारणारी. मला यापेक्षा जास्त काही माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. हो म्हणालीस की त्यांना लिहून कळव की मोहिनी नावाची वकील तुझी मैत्रीण आहे. आणि त्या दिवसापासून त्या वादाबद्दल मी तुला एक शब्द विचारणार नाही, तू मला एक शब्द सांगायचा नाही. लवादाला मैत्रिणी नसतात, हे तूच मला शिकवलंस. म्हणून जे काही सांगायचं होतं ते आजच, तू अजून नुसती सपना आहेस तोवर, लिहून घेतलं. हो म्हण. आणि पहिल्या दिवशी, सगळे तुझ्या परवानगीची वाट बघत बसलेले असताना, तुझ्या आवाजात, तुझ्या पद्धतीनं त्यांना सांग, साक्षीदार येते, बसा.

तुझीच, आणि त्या एका फाइलपुरती तुझी कुणीच नसलेली,
मोहिनी