नुवैराचा दोर

प्रिय फवाज,

तुझ्या पत्राला तीन हिवाळे उलटून गेले, रागावू नकोस. अक्षरं मला जेमतेम येतात. आणि तू विचारलंसही नेमकं तेच: तुझ्या घोडीच्या, नुवैराच्या वंशात कुणी उरलं का?

उरलंय. तिची पणती माझ्या तंबूत आहे. तीन वर्षांची, तेच काळेभोर डोळे. पण शेख तिला आपला घोडा लावू देत नाहीत. "भेसळीचं रक्त," म्हणतात.

तुझं गाणं मात्र सगळे गातात. शत्रूनं पळवलेली घोडी फवाजनं सोडवली, पाण्याच्या थेंबाविना सात दिवस वाऱ्यासारखी उडवत आणली म्हणे! माझी बायको वदहासुद्धा पीठ मळताना तेच गुणगुणते. परवा म्हटलं, "अगं, मीही होतो." तर हसून म्हणते, "होता ना, सांडणीच्या शेपटीमागे!" उडवत कसली? लंगडत होती ती. तूही पायी, मीही पायी. जगली माझ्या सांडणीच्या दुधावर, खाऱ्या विहिरीपाशी तीन दिवस तिचा खूर शेकला मी, आणि कान टवकारायची तुझ्या हाकेला. गाण्यात माझी सांडणीसुद्धा नाही रे.

ते मला सलत राहिलं. विहिरीवर परक्यांचे ओझ्याचे घोडे होते, आठवतं? घरी आल्यावर पंचांना मीच सांगितलं, की फवाज झोपला आणि घोडी सुटून त्यांच्यातल्या एका घोड्याला लागली. खोटं होतं ते. तू शपथ घेतलीस, पण घोडी तुझीच, म्हणून ती शपथ कुणी मानली नाही. पुढे तिला झालेली शिंगरी तू माझ्याच दारात बांधलीस आणि हलब शहराला निघून गेलास.

गेल्या आठवड्यात पंचांपुढे सगळं कबूल केलं. म्हातारा सत्ताम म्हणाला, "दहाम, तेव्हा मत्सरानं बोललास, आता शिंगरीसाठी बोलतोस. तुझ्या कुठल्या जिभेवर विश्वास ठेवू?" आता शिंगरी माझी, तिच्यात तुझा वाटा नाही, म्हणून तुझी शपथ चालेल. नुवैराचा दोर मनगटाला बांधून तू झोपायचास. सकाळी वळ उठलेला मी पाहिलाय. येऊन तेवढं सांग. त्यावरही गाणं होईल, आणि तेही तुझंच होईल. होऊ दे.

उन्हाळी विहिरींकडे तंबू हलायच्या आत निरोप धाड. जीव टांगणीला लागलाय.

तुझाच दूधभाऊ,
दहाम