गच्चीवर आखलेलं घर

प्रिय दादा,

अनेक आशीर्वाद. तुझं जाड पाकीट सोमवारी पोचलं. आत निघालं ते असं : घराचा नकाशा एक, तुझी चार ओळींची चिठ्ठी एक आणि त्या संस्थेचं रंगीत माहितीपत्रक एक. तिकिटं कमी लावली होतीस. दंडाचे चौदा रुपये मोजून दिले तेव्हा कुठे पोस्टमनने पाकीट हातात ठेवलं. मागत नाहीये, पण पुढच्या वेळी वजन करून टाक. एवढा शिकलेला इंजिनियर मुलगा आणि पाकिटाचं वजन कळेना, असं तो पोस्टमन हसत हसत म्हणाला. मीही हसले. दुसरं काय करणार!

नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि चष्मा लावून बसले. मॅट्रिकला मला भूमितीत चांगले मार्क होते हे तू विसरला असशील. नकाशा मला नीट वाचता येतो. दिवाणखाना सोळा बाय बारा. तुमची खोली. मुलींची खोली, तिला दोन खिडक्या, फार छान. पाहुण्यांची खोली दहा बाय दहा. सामानाची खोली सहा बाय आठ. स्वयंपाकघराला लागून दहा बाय आठची एक चौकट आणि तिच्यात सुबक अक्षरात ‘आई’. ते अक्षर बघून खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग परत पहिल्यापासून सगळ्या चौकटी वाचल्या. बच्चूचं नाव कुठेच नव्हतं. आधी म्हटलं, नकाशा काढणाऱ्याची चूक असेल, त्या बिचाऱ्याला काय माहीत तुला पाठचा भाऊ आहे ते. मग ते माहितीपत्रक उघडलं. बच्चूची जागाही तू पाठवली होतीस, फक्त ती वेगळ्या कागदावर होती.

तू लिहिलंस, काही बदल हवे तर सुचव, पंधरा तारखेला पाया खणायला घेतोय. म्हणून आधी बदल लिहिते. न्हाणीघराचं दार आत उघडतंय, ते बाहेर उघडायला हवं. आत पडलेलं माणूस दाराला अडतं. तुझे बाबा पडले तेव्हा सुताराला बोलावून बिजागऱ्या काढेपर्यंत पाऊण तास गेला, हे तुला मी वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघरातली भांडी घासायची जागा खिडकीखाली घे, सूनबाईला दिवसातला तेवढा वेळ तरी बाहेर बघता येईल. आणि जिन्याच्या वळणावरच्या पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होताहेत. मुली धावत उतरणार, तिथे सपाट टप्पा कर.

एवढं कागदावरून कळलं. पण खोलीत माणूस मावतो की नाही हे कागदावरून कळत नाही. म्हणून मंगळवारी सकाळी खडूची पेटी आणली, शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडून टेप मागून घेतला आणि बच्चूला घेऊन गच्चीवर गेले. तुझं अख्खं घर खऱ्या मापात आखलं. गच्ची पुरली, तुझी गाडीची जागा तेवढी पाण्याच्या टाकीत गेली. बच्चू टेपचं टोक धरून जिथे उभा कर तिथे उभा राहत होता. तो टेप सोडत नाही, तुला माहीतच आहे. लहानपणी तुझ्या पतंगाची चक्री धरून असाच संध्याकाळपर्यंत उभा राहायचा आणि तू मित्रांबरोबर निघून गेलेला असायचास. चौतीस वर्षांचा झाला, पण हातात दिलेली वस्तू सोडायची असते हे काही अजून त्याच्या डोक्यात शिरत नाही.

काकू कपडे वाळत घालायला आल्या आणि दिवाणखान्यातून सरळ भिंत ओलांडून न्हाणीघरात शिरल्या. मी म्हटलं, अहो, दारातून या. तर म्हणतात, दादाच्या आई, एवढा मोठा संसार मांडलात, चहापाणी काही आहे का या घरात? पण बच्चूला ती चेष्टा कळली नाही. जिथे जिथे मी दारासाठी रेघ मोडली होती तिथूनच तो आत गेला, तिथूनच बाहेर आला. डावा हात भिंतीवर ठेवून चालल्यासारखा हवेत धरला होता. दोन फेऱ्यांत तुझं घर त्याला पाठ झालं. मग ‘दादा?’ असं विचारलं आणि तुमच्या खोलीच्या दारापाशी थांबला. आत गेला नाही.

मी तिथेच बसून हिशेब मांडला. शेजारच्या सामानाच्या खोलीतले तीन फूट माझ्याकडे घेतले तर माझी खोली तेरा बाय आठ होते. दोन खाटा, मध्ये पडदा, खिडकीशी माझं देवाचं फडताळ. पाहुण्यांच्या खोलीला हातही लावायचा नाही. तसं पेन्सिलीने नकाशावर काढूनही ठेवलं. तुला पत्र लिहायचं ते एवढंच, की तीन फूट दे.

पण हे तीन फुटांचं नाही, दादा. मुळात त्याला वगळायला सुरुवात मी केली. सूनबाईच्या घरची माणसं पहिल्यांदा आली त्या दिवशी बच्चूला काकूंच्या खोलीत बटणांचा डबा देऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली. भिंतीवरचा चौघांचा फोटो मी काढला. ‘एकुलता एक’ हे शब्द माझ्या तोंडचे, तुझ्या बाबांचे नव्हेत, तुझे तर नव्हेतच. तू दोन दिवस जेवला नाहीस. मुलीला खरं सांगतो म्हणालास, तर मी तुला देवाची शपथ घालून गप्प केलं. देवाचं नाव मी आयुष्यात एकदाच खोट्यासाठी वापरलं. तेव्हापासून रोज त्याच्यापुढे बसते, सगळ्यांसाठी मागते, पण त्या दिवसाचा विषय तोही काढत नाही आणि मीही काढत नाही.

लग्नानंतर आठव्या दिवशी तुम्ही दोघं अचानक आलात आणि दार बच्चूने उघडलं. सूनबाई रागावली नाही, ओरडली नाही. चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, आई, आधी सांगितलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, आता मला जमायचं नाही. बारा वर्षं झाली. ती या शब्दावरून हललेली नाही आणि मी तिला एका अक्षराने दोष देत नाही. मुलींना काका आहे हे मुलींना ठाऊक नाही, तेही मला कळतं. पत्र तिला वाचून दाखवलंस तरी चालेल.

ती संस्थाही मी बघून आले. तू हेच पत्रक गेल्या वर्षीही पाठवलं होतंस तेव्हाच, तुला न सांगता. चित्रात दाखवलीय तशी बाग आहे, स्वच्छताही आहे, बायका कामसू आहेत. एका दालनात बावीस खाटा. दारांना कड्या बाहेरून. एक मोठा माणूस खाटेवर बसून रिकामी मूठ उघडत-मिटत होता. मी विचारलं, याला काय हवंय? तर तिथली बाई म्हणाली, काही नाही हो, याला सवय आहे. वाईट बोलली नाही ती. दिवसभर बावीस जणांचं करायचं म्हणजे असंच बोलणार. येताना बसमध्ये मी ठरवलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

आता मंगळवारचं उरलेलं लिहिते. ते लिहायचं म्हणून तीन दिवस पेन उचलतेय आणि खाली ठेवतेय. आखून झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन तापलं होतं. बच्चूला माझ्या खोलीच्या चौकटीत उभं केलं, म्हटलं, इथेच थांब, चहा घेऊन येते. खाली आले. येताना गच्चीच्या दाराला सवयीने कडी घातली. चहा केला. एकच कप केला, दादा. तो प्यायले, भांडं घासलं, हिशेबाची वही काढली, मग जरा आडवी झाले. पाच वाजता काकू वाळलेले कपडे काढायला वर गेल्या. तो त्या दहा बाय आठमध्ये उभा होता. चेहरा भाजल्यासारखा लाल, ओठ फाटलेले, पँट ओली. टाकीची सावली चार पावलांवर होती, पण रेघेच्या पलीकडे. काकूंनी त्याला हाताला धरून खाली आणलं, दारात उभं राहून मला विचारलं, दादाच्या आई, अहो हा कुठे होता माहीत आहे का? आणि मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, कोण?

दोन दिवस ताप होता त्याला, आज उतरला. काकू डॉक्टरला घेऊन आल्या. डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मग माझ्याशीच जास्त वेळ बोलले. आज कुठला वार, बाजारातून काय आणलं, असले प्रश्न. मला वार सांगता आला. पण ते गेल्यावर वही उघडून पाहिली तर गेल्या महिन्यात दुधाचे पैसे एका आठवड्यात तीनदा दिलेत, तिन्ही नोंदी माझ्याच अक्षरात. गॅस दोनदा चालू राहिला तो वास काकूंना आला, मला नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाईल, कमी होणार नाही. सरळ बोलणारे आहेत, बरं वाटलं.

तेव्हा तीन फुटांची मागणी मी मागे घेते, पेन्सिलीच्या रेघा खोडून टाकल्यात. एकच विचारते. ‘आई’ लिहिलंय तिथे खोडून ‘बच्चू’ लिहिशील का? मला त्या संस्थेत ठेव, तिथे म्हाताऱ्यांचंही दालन आहे, आणि मला थोड्या दिवसांनी मी कुठे आहे त्याचं फारसं काही वाटणार नाही. तो त्रास देत नाही. सांगितलं तिथे थांबतो. सूनबाई नाही म्हणेल हे मी धरून चालले आहे, आणि तू तिच्यापुढे हट्ट करू नकोस. एका घरातून मी आधीच एक माणूस लपवलं, आता तेच दुसऱ्या घरात भांडण घालून घुसवायचं नाही. नाही असेल तर स्वच्छ ‘नाही’ लिही, कारणं लिहू नकोस. म्हणजे त्याला त्या संस्थेत मीच नेईन, खाट दाखवीन, दोन-चार दिवस जाऊन बसेन, आणि काय करून आले ते कळत असतानाच घरी परत येईन. उशीर झाला तर कुणीतरी परकं माणूस येऊन त्याला घेऊन जाईल, आणि घरात कोण कमी आहे हे माझ्या लक्षातही येणार नाही. म्हणून पंधरा तारखेची वाट बघू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशीच, उलट टपाली, एका ओळीत कळव.

तुझीच,
आई