तुमचं राहिलेलं वाक्य

नाशिक, १४ डिसेंबर, रविवार

नाना, तुम्हाला जाऊन सहा वर्षं होत आली आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. रोजनिशी लिहीत होते. तिच्यात घर आलं, कॉलेज आलं, दुखणी-खुपणी आली. तुमच्यापाशी आले की मात्र पान उलटत होते. आज लिहिते आहे, कारण परवा निफाडला काकांच्या नातीच्या लग्नात जेवताना काका सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ लय मानी माणूस. मरेपर्यंत एक शब्द नाय काढला तोंडातून." मी त्यांच्या शेजारीच बसले होते. उत्तर माझ्याकडे होतं. मी मठ्ठ्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

कोणता शब्द, ते तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते, कारण मलाच एकदा सगळं सरळ मांडून पाहायचं आहे. आपल्या घरात द्राक्षांच्या छाटणीचा दिवस थोरल्याने ठरवायचा आणि दोन्ही भावांच्या बागेत पहिली काडी त्यानेच कापायची, अशी रीत होती. मी बारावीत होते त्या वर्षी काका म्हणाले, काडी अजून पिकली नाही, पाऊसही पुरता गेलेला नाही, दहा-बारा दिवस थांबू. तुम्ही मजुरांच्या देखत त्यांच्या हातातली कात्री काढून घेतलीत. "तुला बागेतलं काय कळतं? हो बाजूला." मी बांधावर चहाची किटली घेऊन उभी होते. दोन्ही बागा त्याच दिवशी छाटल्या. पुढे ऐन फुलोऱ्यात पाऊस आला, डावणीचा रोग पडला, दोन्हीकडचे घड कुजले. काका ओट्यावर येऊन तुम्हाला म्हणाले होते, "भाऊ, बाग गेली ती गेली. चुकलं म्हण, बास. मला दुसरं काय नको." तुम्ही आत निघून गेलात. त्यानंतर वाटण्या झाल्या, आणि सख्खे भाऊ वीस-बावीस वर्षं एकमेकांशी तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलत राहिले.

मग तुम्हाला झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. मी तुम्हाला इथे फ्लॅटवर आणलं. स्पीच थेरपीच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "त्यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीत, एवढंच. काही विचारलंत की थांबा, मनात दहापर्यंत मोजा. त्यांच्या वतीने बोलू नका." मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि एक दिवसही पाळलं नाही. तुम्ही "च…" म्हणायचात आणि मी सुटायचे: चहा? चष्मा? चादर? तुम्ही डावा तळवा वर करायचात. मला वाटायचं, तुम्ही नाही म्हणताय, म्हणून मी पुढचा शब्द टाकायचे. तुम्ही फक्त थांब म्हणत होतात, हे मला फार उशिरा कळलं. माझा अंदाज बरोबर आला की घरात कौतुक व्हायचं. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "लेकीला बापाच्या मनातलं कळतं हो." मला ते आवडायचं, नाना. मॅडमनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसाल का? मी प्रश्न यांना विचारते आणि उत्तर तुमच्याकडून येतं." मी बाहेरच्या बाकावर रुसून बसले. दारातून आत तुमचं "च्यायला" स्पष्ट ऐकू आलं. तो एक शब्द तुमच्याकडे अखंड उरला होता.

दिवाळीच्या पाडव्याला काका येतात. आजारपणाचं कळल्यावर पहिल्यांदाच, पिशवीभर पेरू घेऊन. सोफ्याच्या अगदी कडेला बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. "कसंय भाऊ? वळखलं का?" तुम्ही मान हलवता. मी फराळाच्या ताटल्या आणते. मग तुम्ही डाव्या हाताने काकांचं मनगट धरता. तुमच्या कपाळावर घाम आहे. "छाटणी…" तुम्ही म्हणता. काका मान वर करतात. "छाटणी… माझी…" आणि तुमचे ओठ पुढच्या शब्दासाठी नुसते हलत राहतात. मी मनात मोजायला सुरुवात करते, खरंच करते. चारपर्यंत पोचते आणि म्हणते, "यंदाची छाटणी कशी झाली, विचारतायत नाना."

काकांना हायसं वाटलं, ते मी पाहिलं. "झाली की! या वर्षी लय संभाळून केली. पोरगं बघतंय आता सगळं, आपल्याला कोण इचारतो?" ते बोलत सुटले. तुम्ही त्यांचं मनगट सोडलंत आणि तोच हात माझ्या तोंडावर ठेवलात. जोरात. मी हसून तो बाजूला केला आणि म्हटलं, "बघा काका, अजून मला गप्प बसवतात." तुम्ही सोफ्याच्या हातावर मूठ आपटलीत, "च्यायला!" काका खो खो हसले, "शिवी तेवढी शाबूत हाय भाऊची!" मग मीही हसले. तुम्ही मान वळवून गॅलरीकडे पाहत बसलात ते काका उठेपर्यंत. जाताना ते तुमच्या पाया पडले, तेव्हाही तुम्ही वळला नाहीत. लग्नात ते जे म्हणाले, ते बहुधा तिथूनच आलं.

संक्रांतीआधी तुम्ही गेलात. बोलण्याच्या सरावासाठी आणलेली चित्रांची कार्डं परत करायला मी मॅडमकडे गेले, तर त्यांनी विचारलं, "काकांशी ते वाक्य झालं का हो त्यांचं बोलून?" मला काहीच माहीत नव्हतं. मग मॅडमनीच सांगितलं. तुम्ही छाटणीची कात्री खिशात घालून त्यांच्याकडे नेत होतात. ती टेबलावर ठेवून, खुणा करून, कागदावर दोन बागा आणि मधला बांध काढून तुम्ही त्यांना सगळं समजावलं होतंत. तीन आठवडे एकाच वाक्याचा सराव चालला होता. दोन शब्द बसले होते, तिसरा कधी यायचा, कधी नाही. मला सांगू नका, अशी खूण तुम्ही केली होती. मॅडम म्हणाल्या, "वेळ दिला की यायचा तो. एकदा तर अख्खं मिनिट लागलं, पण आला."

त्या पाडव्याच्या पानावर मी लिहून ठेवलंय : 'नाना आज काकांशी छान बोलले.' खाडाखोड नाही, अक्षर सुबक. रोजनिशीच्या इतक्या पानांत यापेक्षा खोटं वाक्य नसेल. आणि ते अजाणता लिहिलेलं नाही. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझी घाई नडली, सवय नडली. तसं नाही. तुम्ही "माझी" म्हणालात तेव्हाच वाक्य कुठे चाललंय ते मला कळलं होतं. लुळा हात मांडीवर घेऊन, घामाघूम होऊन तुम्ही धाकट्या भावापुढे वाकताय, हे मला बघवलं नसतं. तुमचा मान मी राखला असं वाटलं. तुम्ही तो स्वतःहून खाली ठेवायला निघाला होतात.

काका आता पंचाहत्तरीला आलेत. तिसरा शब्द त्या दिवशी तुमच्या तोंडून आला नाही, तो माझ्या तोंडून घालणार नाही. तुम्ही म्हणालात तेवढंच सांगेन, मॅडमकडचं सांगेन, आणि मधे कोण बोललं तेही.

उद्या : कॉलेजातला पहिला तास घेऊन, मग रजा टाकून एसटीने निफाडला, काकांकडे जायचं.