चिमाजीचे पाणी

८ जानेवारी १९४४, वेल्हे

आज सकाळी मारुतीपुढे नारळ फोडून शाळेचा ताबा घेतला. शाळा म्हणजे देवळामागची एक लांब खोली. तिच्याच कोपऱ्यात टपालाची लाकडी पेटी. इथे मास्तर तोच पोस्टमास्तर. आंबवड्यात वीस वर्षे मुले शिकवली. बायको गेल्यावर तिथे मन रमेना, म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी हे नवे बिऱ्हाड. पोथी कोनाड्यात ठेवली. खिडकीतून तोरण्याची कड दिसते. गाव मनास आले.

लढाईने मात्र गाव बायकांचे करून टाकले आहे. घराघरांतले जवान पलटणीत गेले. औत बाया धरतात. रॉकेल कंट्रोलवर, म्हणून लिहिणे-वाचणे सगळे दिवसाउजेडी. सोमवारी टपाल येते. बाया शाळेच्या ओट्यावर जमतात आणि मास्तरने पत्रे मोठ्याने वाचायची, अशी इथली रीत.

शेजारच्या धोंडाबाईंनी नवा माठ भरून आणून दिला. त्यांचा एकुलता मुलगा चिमाजी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आहे. घरात त्या आणि सून साळू. म्हणाल्या, "वाचून वाचून घसा सुकंल तुमचा, मास्तर. पानी आमचं, आवाज तुमचा." बाया हसल्या. मीही हसलो.

१३ मार्च

चिमाजीचे पत्र आले. अर्ध्या ओळींवर सेन्सॉरने काळे फासलेले. धोंडाबाईंनी तेच दोनदा वाचून घेतले. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तो दिवाळीनंतर रजेवर येऊन गेला. साळूला दिवस गेले आहेत.

मला मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या मुलाने लिहिलेले 'आई' वाचताना मला सुख वाटते. हे लिहिताना लाज वाटते, पण रोजनिशीत खोटे कशाला लिहू?

१२ जून

आज माझ्या हातून वाईट झाले.

चिमाजीच्या हवालदाराचे पत्र होते. पहिलीच ओळ अशी: चिमाजी लढाईत कामी आला. समोर साळू खांबाला टेकून बसलेली, सातवा महिना. धोंडाबाई म्हणाल्या, वाचा की. मी कागद तसाच धरला आणि माझ्या तोंडून निघाले, 'आई, मी खुशाल आहे.'

पुढचे पत्र वाचलेच नाही. घरी येऊन ते पोथीच्या पानांत घातले. साळू मोकळी होईपर्यंत गप्प राहायचे, एवढेच ठरवले. देव समजून घेईल.

१० जुलै

नुसत्या एका थापेने भागले नाही. पुढचे पत्र कधी, असे धोंडाबाई रोज विचारत होत्या. शेवटी मीच कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. 'आई' लिहिताना हात सुखावला. तेच पाप मोठे.

महिना झाला, पोथी उघडलेली नाही. उघडली की ते पत्र दिसेल.

२४ जुलै

आज मी लिहिलेलेच पत्र वाचत होतो. मध्येच म्हणालो, 'तांबड्याच्या डाव्या खुराला तेल लावायचीस, आठवतंय का?' धोंडाबाई रडल्या, हसल्या. तांबडा बैल चार वर्षांपूर्वी गेला म्हणे. त्याच्या खुराचे माय-लेकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

कागद पुन्हा पाहिला. ती ओळ त्यावर नाही.

घरी आलो तर सकाळी भरलेला माठ कोरडा. तडा नाही. जमीनही ओली नाही.

२१ ऑगस्ट

परवा साळूला मुलगा झाला. आज सांगायचे होते. पण ती तापाने फणफणलेली. कारणे कशी सापडत जातात.

ओट्यावर पत्र धरले. मी लिहिलेली एकही ओळ तोंडातून निघाली नाही. निघाले ते इतकेच: 'आई, लई तहान लागलीया. हितं पानी न्हाई.'

बोलणे त्याचे. घसा माझा.

२८ ऑगस्ट

बारसे येत्या बुधवारी करायचे ठरले होते. आज कोरा कागद हातात घेऊन वाचत होतो — वाचत नव्हतो, ऐकत होतो. म्हणालो, 'पोराला माझंच नाव ठेव. मला यायला जागा होईल.'

आमच्याकडे नातवाला नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचे. धोंडाबाई हळू उठल्या. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मास्तर, जित्या बापाचं नाव पोराला कुनी ठेवतं का?"

मी कोरा कागद घडी करून खिशात घातला. बारसे पुढे ढकलले आहे.

४ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. घरोघर आपापल्या माणसांना पाणी देतात. त्याला कोण देणार? मी त्याला जिवंत ठेवले आहे.

पोर सारखे पिते. पोट भरत नाही. ओठ उन्हात पडल्यासारखे फुटले आहेत. साळू आटून गेली.

आज ओट्यावर गेलोच नाही. घरात एकटा बसलो. तरी तोंड — कागद नसताना —

'नाव ठेवा. येतो.'

११ सप्टेंबर

माठ तीनदा भरला. तीनदा रिकामा. भर दुपारी, डोळ्यांदेखत पाणी खाली खाली —

पोर आता रडतही नाही. नुसते तोंड उघडते. सुईण म्हणते, आठवडा काढणे कठीण.

हे माझ्यामुळे. सांगितले पाहिजे. जीभ वळत —

१७ सप्टेंबर, सर्वपित्री

पोथी उघडली. पत्र घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. पाय धरून सगळे सांगितले. मग पत्र वाचले, पहिल्या ओळीपासून.

शेवटची ओळ मीही आजच पाहिली. 'दोन दिवस जीव होता. पाणी मागत होता. आमच्यापाशी थेंब नव्हता. घरी त्याच्या नावाने पाणी सोडावे.'

साळूने कपाळावरच्या कुंकवावर हात नेला. धोंडाबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या जागी बसून पत्रं लिवलीसा. आता त्याच जागी बसून पानी बी सोडा."

कानंदी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. ऊन लख्ख होते. त्याचे नाव घेऊन पहिली ओंजळ सोडली. तीळ नदीवर पडले. पाणी पडले नाही. दुसरी — तीही नाही. तिसरीला ओंजळीखाली ओठ लागले. सुकलेले, फुटलेले —

हात काढावेसे वाटले. काढले नाहीत. त्याला पिऊ दिले.

पोर पोटभर पिऊन निजले, असा आताच निरोप आला. उद्या बारसे. आजोबाचे नाव ठेवणार. माझा माठ काठोकाठ भरलेला आहे. मी भरला नव्हता.

सांगितले. पाणी सोडले. झाले ते बरे झाले.

फक्त मघापासून चार तांबे प्यालो, तरी घसा —