बाच्या तळ्यात सोडाचं जहाज

रविवार, सांज. गोवा.

आज बादलीत जहाज सोडलं अन् आडवंच झालं. मी कामाले हाओ त्या कारखान्यातली लाकडी जहाजं शोभेची, काचेत ठेवाची, त्याईले पाणी कायले लागते? पण हे बासाठी बनवलं. काहून फोनवर त्याले सांगून बसलो? त्यानं लगेच इचारलं, "तरते का बे, का नुसतं पाहाचं?" अड्याळच्या तळ्यात डोंगा चालवणारा माणूस, पाण्यात टाकल्याबिगर मानते काय.

बनवतानी जहाजाच्या नाकाजवळची लाकडी पट्टी त वाकवली का तडके. मंग गरम पाण्यात भिजवून, घरी बांबूची कमची वाकवतो तशी हळूहळू वाकवली. फटी बुजवून वार्निश मारलं.

आता बूड जड व्हावं म्हणून पोटात लोखंडी नट चिकटवले. परत बादलीत सोडलं, उभं राहिलं. नाकाजवळून थेंबही आत नाही. तरते हे बाले आताच सांगत नाही. दिवाळीले हाती देईन, बुडवून पाह्य म्हणीन.