फुलांपाशी चुकते

२६ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा स्मारांडाच्या डोळ्यांवर तो चष्मा चढवला. चष्मा कसला, डबडंच! तिला तपासणाऱ्या कोरिना मॅडम म्हणाल्या, "यात बाजार दिसतो. पाव, दूध आणि पाच ट्युलिप घ्यायचे, बस. डोक्याला मार लागलेल्या मुलांचा विचार कुठे अडतो, ते यातून कळतं." मी बाहेर बाकावर. आईची चाहूल लागली की मुलं बिथरतात म्हणे.

हे जमलं तर सप्टेंबरात तिची जुनी शाळा. नाहीतर वेगळ्या मुलांची.

२८ फेब्रुवारी
पाव बरोबर. दूध बरोबर. फुलांपाशी चुकली.

१ मार्च
मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायचा सण, आणि मी सासूबाईंबरोबर दफनभूमीत! माझ्या नवऱ्यासाठी, होरियासाठी, सहा कार्नेशनची फुलं. फुलवालीने काही न विचारता जोडीजोडीने मोजली — मेलेल्याला सम, जित्याला विषम.

स्मारांडाला मात्र मी अजून सांगते, बाबा बुखारेस्टच्या हॉस्पिटलात आहेत, बरे होताहेत. अपघात झाला तेव्हा त्याच गाडीत होती ती, पण तिला काही आठवत नाही. सासूबाई कडाडल्या, "अगं, किती दिवस झुलवणार आहेस पोरीला?" तिचं डोकं आधी सावरू दे, म्हटलं. खरं तर माझाच धीर होत नाही.

६ मार्च
परत फुलंच! मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मोजणीलाच धक्का बसलेला दिसतोय. दुसऱ्या शाळेची चौकशी करून ठेवा." घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. "पाच म्हणजे पाच! एवढं कळत नाही तुला?" ती जेवली नाही. मीही नाही. होरिया, त्या गाडीत तुझ्याजागी मी का नव्हते रे?

८ मार्च
आयांचा दिवस. सासूबाईंनी तिच्या हातात तीन फुलं दिली, मला द्यायला. एकाचा देठ मोडला. तर ही पाय ओढत गॅलरीत गेली, कुंडीतलं एक तोडून आणलं. "दोन कशी देणार? तू काय मेलीयेस?" हसलो दोघी! किती दिवसांनी.

मग एकदम लक्षात आलं. हिला मोजता येतं की!

११ मार्च
मॅडमपुढे हट्टच धरला. शेवटी म्हणाल्या, "दाराशी उभ्या राहा. पण हूं की चूं नको." मी आत आहे हे तिला माहीत नव्हतं, डोळ्यांवर ते डबडं. तिला दिसणारा बाजार मॅडमच्या पडद्यावरही दिसत होता. तिने फुलं उचलली, मोठ्याने मोजली. पाच. मग एक परत ठेवलं.

"चारच न्यायची आहेत, बाबांसाठी," ती त्या बाजारातल्या फुलवालीला म्हणाली. "माझ्या आईला सांगू नका हं. तिला अजून वाटतंय, बाबा बरे होताहेत."