एक गुरू, दोन लघू

शनिवार, ३ मे १९९७. सकाळी ७.
संगणक सुरू होत नाही. काळजीचं काही कारण नाही. ओवीचं लग्न अठराला, म्हणजे हातात चांगले पंधरा दिवस आहेत. 'मंगलाष्टके : रचना व गायन, वधूपिता' असं पत्रिकेत छापून गेलेलं आहे. आठही श्लोक संगणकात सुरक्षित. कागदावर मुद्दाम एक अक्षर ठेवलं नाही. निवृत्त मराठी शिक्षक झालो म्हणून काय, काळाबरोबर चाललंच पाहिजे. कच्चे कागद मार्चमध्येच बंबात घातले. श्यामला म्हणाली, पाणी छान तापलं.

दुपारी १२.
बटण दाबलं की पडदा काळाच राहतो आणि पेटी आवाज करते. एक लांब, दोन आखूड. टूंऽ टुं टुं. चौतीस वर्षं वृत्तं शिकवलेला कान आहे माझा. लांब तो गुरू, आखूड तो लघू. गुरू, लघू, लघू. भगण! यंत्र छंदात बोलतंय. श्यामलाला सांगितलं. तिनं भेंडी चिरता चिरता विचारलं, काय म्हणतंय? म्हटलं, सध्या नुसता गण दिलाय, शब्द मागाहून येतील.

रविवार, ४ मे.
मुलाला, मोहितला, पुण्याला एसटीडी लावला. त्याच्या ऑफिसनं जुना म्हणून काढलेला संगणक त्यानंच दिवाळीत भवानीनगरला आणून दिला. तो म्हणाला, अण्णा, सारखं चालू-बंद करू नका, आणि पेटी तर अजिबात उघडू नका, सतराला येतोय तेव्हा बघतो. मी भगणाचं सांगायला लागलो तेवढ्यात लाईन कट झाली. श्यामलाच्या मते त्यानं ठेवला.
दिवसभरात एकवीस वेळा चालू-बंद केलं. एकवीस वेळा भगण. इतकं सातत्य एकाही विद्यार्थ्यात दिसलं नव्हतं.

मंगळवार, ६ मे.
उलगडा झाला. माझे श्लोक शार्दूलविक्रीडितात. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. यात भ नाहीच! यंत्राची तक्रार सरळ आहे, भ कुठंय? राग नाही आला, आदर वाटला. इतका चोखंदळ रसिक पुण्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं पगारपत्रकं काढत बसला होता.
संकल्प : सर्व श्लोक मंदाक्रांतेत बदलणे. त्यात भ आहे.
सायंकाळी. बदलायला मूळ श्लोक लागतील. ते पेटीत.

गुरुवार, ८ मे.
संकल्प : आठवून लिहिणे. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. दुसरीतल्या कविता अजून पान नंबरासकट पाठ आहेत, खालचं चित्रसुद्धा दिसतं. पाटीचा वास येतो. पहिली ओळ लगेच आली :
आली मंगल वेळ ही उजळली बागायती अंगणी
वा. मग दुसरी आली, तीही फार सुरेख. श्यामलाला वाचून दाखवली. ती म्हणाली, ही तुमची नाही, माझ्यासुद्धा पुस्तकात होती. तिसरीही पुस्तकातलीच निघाली. चौथीला स्वाध्याय आठवला. थांबलो. उन्हाळा फार आहे.

शनिवार, १० मे.
महिपती येऊन गेला. विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारी भरून देतो, त्यात त्याचा हातखंडा. त्यानं पेटीच्या मागं नाक लावून बराच वेळ वास घेतला. "मास्तर, वायंडिंग काय जळलं न्हाय. पर हे वढतं काय?" कविता ओढतं म्हटलं. त्यानं जरा विचार केला. "मग बोअर आटला आसंल."
दोनदा चहा घेतला. जाताना म्हणाला, आत धूळ बसली असेल तर हवा मारून बघा. तज्ज्ञाचं मत पडलं.

रविवार, ११ मे. सकाळी.
पेटी उघडली. मोहितचं 'उघडू नका' सर्वसाधारण माणसांसाठी होतं. सायकलच्या पंपानं हवा मारली. धूळ निघाली ती थेट गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर. श्यामलाशी याबाबत मतभेद झाले. आतली एक हिरवी पट्टी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली आणि होती तिथंच, साधारण, परत बसवली. एक स्क्रू उरला. कंपनी जादा देत असावी.

दुपारी ४.
टूंऽ टूंऽ टूंऽ! तिन्ही गुरू! मगण! शार्दूलविक्रीडिताचा पहिला गण! माघार घेतली गड्यानं, माझं वृत्त मान्य केलं! श्यामलाचे दोन्ही हात धरून एक फुगडी घातली. दीडच गिरकी झाली, पण घातली. आता सगण यायचा. लघू, लघू, गुरू. खुर्ची घेऊन समोर बसलो आहे.

४.४०.
अजून गुरूच. एकशे बारा मोजले. इतके गुरू कोणत्याच वृत्तात नाहीत. खालून विचारणा झाली, केव्हाची रिव्हर्सला लागलेली ही गाडी कुणाची?

मंगळवार, १३ मे.
ओवी एमआयडीसीतल्या डेअरीत लॅबला आहे. लग्नाची रजा कालपासून. संध्याकाळी शेजारी येऊन बसली. म्हटलं, श्लोक येतील, तू निर्धास्त राहा. ती म्हणाली, "अण्णा, श्लोक नसले तरी लग्न लागतं." तुमच्या पिढीला काव्याची ओढ नाही, असं मी सुनावलं. ती उठली आणि दारात थांबली. "तिकडं सासरी सगळ्यांना सांगून बसलेय मी. माझे अण्णा म्हणणारेत म्हणून."
जेवण गेलं नाही. उन्हाळा.

बुधवार, १४ मे.
करुणाला फोन केला. जुनी विद्यार्थिनी, कारखान्याच्या ऑफिसात संगणकावर बसते. आधीच करणार होतो, वेळ झाला नाही. नववीत गण येत नव्हते म्हणून मी तिला आठवडाभर बाकावर उभी केली होती, त्याचा याच्याशी संबंध नाही.
तिनं विचारलं, सर, सुरुवातीला आवाज कसा येत होता? भगण, म्हटलं. पलीकडं काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. बोटं मोजत असावी.
"म्हणजे एक लांब, दोन छोटे. सर, पडद्याचं कार्ड ढिलं झालंय. आणि आता?"
"अखंड गुरू."
"ती मेमरी. सर, पेटी उघडलीत काय?"
थोडीशी, म्हणालो.
तीन अक्षरांत फोनवरून निदान! याचं श्रेय कुणाच्या अध्यापनाला, हे मी सांगायला नको.

गुरुवार, १५ मे.
ड्युटी सुटल्यावर करुणा आली. हिरवी पट्टी मी उलटी बसवली होती म्हणे. ती सुलटी केली, दुसऱ्या एका कार्डाची कड साध्या खोडरबरानं घासली आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. बटण दाबलं. टुं. एकच लघू. म्हटलं, याचा तर गणसुद्धा होत नाही. ती म्हणाली, सर, याचा अर्थ सगळं ठीक आहे.
पडदा उजळला! टाळ्या वाजवल्या मी. श्यामला, ओवी, सगळ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. 'मंगलाष्टके अंतिम' उघडलं.
आली मंगल वेळ ही उजळली बागायती अंगणी.
खाली तीच ओळ, मोठ्या अक्षरात. मग तिरकी. मग लाल. मग भोवती वेलबुट्टी. अकरा पानं. एक ओळ.
उरलेले श्लोक मनात इतके पक्के होते की ते टाईप झाले असंच मी धरून चाललो होतो. हे कुठल्याही कवीचं होऊ शकतं.
श्यामला तोंडाला पदर लावून आत गेली. करुणा म्हणाली, सर, मांडणी छान आहे. ओवी हसली नाही. लाल पानावर जरा थांबली, एवढंच.

शुक्रवार, १६ मे.
आठ श्लोक, बत्तीस ओळी. एक तयार. राहिल्या एकतीस. दोन दिवसांत रोज साडेपंधरा. सहज.

शनिवार, १७ मे.
पाहुणे. मोहित आला. संगणक चालू पाहून म्हणाला, बघा, हात लावला नाहीत म्हणून नीट झाला. मी मान डोलावली.
ओळी : शून्य. पण उत्साह दांडगा.

रविवार, १८ मे. रात्री, कार्यालयातून परतल्यावर.
लग्न लागलं.
अंतरपाट धरला, माईक हातात आला, पाचशे माणसं गप्प. ओळ म्हटली. आवाज उत्तम लागला होता. सावधान झालं. भटजींनी माझ्याकडं पाहिलं, मी मांडवाच्या झालरीकडं. इतकी लांब शांतता वर्गातसुद्धा कधी मिळाली नव्हती.
अंतरपाटाच्या कडेनं ओवी हळूच म्हणाली, "अण्णा, तीच परत म्हणा."
म्हटली. जरा वरच्या पट्टीत. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी मागच्या खुर्च्या साथीला लागल्या. आठव्या वेळी अख्खं कार्यालय म्हणत होतं, आणि ओवी मुंडावळ्यांआडून इतकी हसत होती की भटजींना तिला सरळ उभी राहा म्हणून सांगावं लागलं. वन्समोअर मिळालेली मंगलाष्टकं मी तरी ऐकलेली नाहीत.
पंगतीत व्याह्यांचे थोरले बंधू, तात्या, मुद्दाम शेजारी येऊन बसले. मी दाद घ्यायच्या तयारीत. त्यांनी जिलबी बाजूला सारली, वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "बागायती बागायती म्हणलात आठ येळा. आमाला कुनी बोललं न्हाय. किती एकर हाय?"
दुसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी डोळ्यांपुढं आली. तुळस आणि कोरफड.
"दोन कुंड्या," मी म्हणालो.